रिद्धपूरचा पूर्ण पत्ता

तायडे सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं. अमरावतीला औषधनिर्माण पदविकेचा आमचा पहिलाच तास होता आणि सर फळ्याच्या बरोबर मधोमध एक उभी रेघ ओढत होते. रेघेच्या डाव्या बाजूला त्यांनी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे शब्द लिहिले : बीडी, टीडीएस, एचएस, एसी, पीसी, एसओएस. उजवी बाजू मोकळी ठेवली आणि वळून विचारलं, "यातलं कोणाले काय येते?"

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. सिस्टरांच्या तोंडी लॅटिन प्रार्थना ऐकत वाढलेली. ही अक्षरं लॅटिनमधून आली आहेत हे मला ठाऊक होतं, आणि ठाऊक आहे हे दाखवायची घाईही होती. मी उभी राहून सगळ्यांचे अर्थ इंग्रजीत घडाघडा सांगितले. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"छान. आता हेच माझ्या मायले सांगा. ती बडनेऱ्याले राहते. शाळेत गेली नाही."

वर्ग हसला. मग सरांनी सगळ्यांकडून उजवी बाजू भरून घेतली. बीडी म्हणजे ‘दिवसातून दोनदा’, टीडीएस म्हणजे ‘दिवसातून तीनदा’, एसी म्हणजे ‘जेवाच्या आंधी’, पीसी म्हणजे ‘जेवल्यावर’, एचएस म्हणजे ‘झोपाच्या वेळी’, एसओएस म्हणजे ‘तरास झाला तरच’. शेवटी त्या उभ्या रेघेवर खडू टेकवून ते म्हणाले, "तुमची जागा इथं आहे. डाव्या हाताले डॉक्टर, उजव्या हाताले पेशंट. मधात तुमी."

श्री. प्रल्हाद तायडे सर यंदा पंचाहत्तर वर्षांचे झाले. त्यांच्या विद्यार्थ्यांनी काढलेल्या या ग्रंथात त्यांच्या पदांविषयी आणि पाठ्यपुस्तकांविषयी इतर मंडळी अधिकारानं लिहितील. मला एका चुकीबद्दल लिहायचं आहे. चूक माझी आहे. सर कसे आहेत हे मला तिच्यामुळेच कळलं.

सरांचे वडील रेल्वेत गँगमन होते. घरात शिकलेले सर पहिलेच. शहरातल्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या औषध विभागाचे ते प्रमुख होते आणि दुपारी आमच्या कॉलेजात येऊन औषधांचा कायदा शिकवत. कायदा हा विषय मुलांना रुक्ष वाटतो. सर शिकवताना कलमं मागून येत, माणूस आधी येई. काही औषधं चिठ्ठीशिवाय का द्यायची नाहीत, औषध देताना नोंदणीकृत फार्मासिस्टनं स्वतः हजर का असायचं, हे ते आपल्या काउंटरवर घडलेल्या गोष्टींमधून सांगत.

त्यांतली एक तर मी डोळ्यांनी पाहिली. सरांचे मेहुणे झोपेच्या गोळ्या मागायला आले होते.

"चिठ्ठी?" सर.

"भाऊजी, मले बी चिठ्ठी लागते?"

"तुले तर पहिले लागते. दुसऱ्याले नाही म्हटलं तर तो घरी जाते. तुले देलं तर गावभर सांगशील."

मेहुणे चिडून बाकावर बसले. सरांनी त्यांना चहा पाजला, स्वतः डॉक्टरांकडे नेऊन तपासायला लावलं. पण चिठ्ठी हातात येईपर्यंत गोळी दिली नाही.

पदविका झाल्यावर प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण घेतल्याशिवाय नोंदणी होत नाही. माझं प्रशिक्षण सरांच्याच काउंटरवर होतं. तिथे एक नोंदवही असे. चिठ्ठीवरच मिळणारं औषध दिलं की त्यात डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव आणि पत्ता लिहायचा. कायद्याला एवढं पुरतं. सरांना पुरत नसे. नुसतं गावाचं नाव लिहिलेलं त्यांना चालत नसे. कोणती आळी, कशाच्या मागे, कोणाच्या शेजारी, सगळं हवं. रांग वाढत जाई, लोक वैतागत. एकदा रिद्धपूरहून आलेल्या कौसल्याबाई नावाच्या बाईंनी मला सगळ्यांसमोर विचारलं, "काहून वं पोरी? येवढा पत्ता घेऊन राहिली, घरी जेवाले येतं का?"

रांगेतले सगळे हसले. तरी मी लिहिलं : मठाच्या मागची आळी, पिठाच्या गिरणीपासून तिसरं घर.

कौसल्याबाईंना संधिवात होता. बोटांचे सांधे सुजून वाकडे झाले होते. डॉक्टरांनी त्यांना मेथोट्रेक्सेटच्या चार गोळ्या लिहून दिल्या होत्या. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर तोंड सोलून निघतं, रक्तातल्या पेशी घटतात, जिवावर बेतू शकतं. हे सगळं मला पाठ होतं. मी पाकिटावर माझ्या वळणदार इंग्रजी अक्षरात लिहिलं, ‘वन टॅबलेट वन्स अ वीक’, खाली ठळक रेघ मारली आणि पाकीट बाईंच्या हाती दिलं. शाळेत सुंदर हस्ताक्षराचं बक्षीस मिळवलेल्या मुलीचं ते अक्षर होतं. मागे रांग होती. तोंडानं मी काही बोलले नाही. तो सोमवार होता.

दर गुरुवारी सकाळी सर नोंदवही उघडून बसत. कोणत्याही नावावर बोट ठेवत आणि विचारत, "यांले काय सांगतलं?" आपण रुग्णाला जे बोललो ते शब्दशः सांगायचं. त्या गुरुवारी बोट कौसल्याबाईंच्या नावावर आलं.

"लिहून दिलं, सर."

"काय लिहिलं?"

मी वाक्य म्हणून दाखवलं. म्हणतानाच माझा आवाज बारीक होत गेला.

"बाई इंग्रजी वाचते?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मराठी?"

कौसल्याबाईंनी नोंदवहीत सहीऐवजी अंगठा उठवला होता. तो निळा अंगठा आम्हा दोघांच्या समोर होता.

सर रागावले नाहीत. त्यांनी पांढरा कोट काढून खुंटीला लावला, दुसऱ्या फार्मासिस्टला काउंटरवर उभं केलं, पत्ता एका चिठोऱ्यावर उतरवून घेतला आणि म्हणाले, "चाल."

एसटीत दीड-दोन तास मी खिडकीशी रडत होते. एकदाच सरांनी आपला रुमाल माझ्यापुढे धरला आणि पुन्हा समोर पाहू लागले.

रिद्धपूरला कोणाला काही विचारावंच लागलं नाही. मठ दिसला, मागची आळी दिसली, गिरणीचा आवाज आला. तिसऱ्या घराच्या ओसरीवर कौसल्याबाई बसल्या होत्या. मला पाहताच म्हणाल्या, "आली का जेवाले खरंच!" पण बोलताना त्यांनी गालाला हात लावला. तोंडात फोड आले होते.

"आजी, गोळ्या कशा घेतल्या?" सरांनी खाली बसत विचारलं.

"रोज एक. सकाऊन, चहासंगं. मंगळवारपासून. उद्याची एकच राहिली."

त्यांनी स्टीलची डबी आणून दिली. आत माझं पाकीट नीट घडी घालून ठेवलेलं होतं आणि त्यात एक गोळी. मी कसंबसं म्हणाले, "आजी, मी त्यावर लिहिलं होतं."

"तू कागद देला, म्या डबीत ठेवला," बाई म्हणाल्या. "कागदाले तोंड असते का वं?"

सरांनी त्यांच्या सुनेला सगळं समजावून सांगितलं. चूक आमच्याकडून झाली आहे आणि आत्ताच आमच्यासोबत दवाखान्यात यावं लागेल, असं सरळ सांगितलं. ‘आमच्याकडून’ असंच म्हणाले. सून सरांवर बरीच ओरडली. सरांनी ऐकून घेतलं. दुपारच्या एसटीनं आम्ही चौघं अमरावतीला आलो. डॉक्टरांसमोरही सर आधी बोलले. रक्त तपासलं, उताऱ्याचं औषध सुरू झालं. पुढचे तीन दिवस रक्तातल्या पेशी उतरतच होत्या. त्या तीन दिवसांत मी काय खाल्लं, कोणाशी काय बोलले, मला आठवत नाही. चौथ्या दिवशी आकडा थांबला, मग हळूहळू वर चढला. बारा दिवसांनी कौसल्याबाई घरी गेल्या.

मी सरांना सांगून टाकलं की मला हे काम जमणार नाही. मी पुन्हा काउंटरवर उभी राहणार नाही. सरांनी नोंदवही माझ्यापुढे सरकवली. त्या सोमवारच्या नोंदीशेजारी लाल शाईत त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं : ‘रुग्णास तोंडी सूचना दिली गेली नाही. देखरेख अपुरी.’ खाली त्यांची सही होती. रुग्णालयाच्या समितीपुढे त्यांनी हेच पान ठेवलं होतं आणि ठपकाही आपल्याच नावावर घेतला होता. त्यांना पुढे मिळणारी बढती त्या वर्षी थांबली, हे मला फार नंतर, तेही दुसऱ्यांकडून कळलं.

"सर, चूक तर माझी होती."

"पत्ता कोणी लिहिला होता?"

"मी."

"मंग? काउंटर सोडून गेली तर तुयी चूकच तेवढी राहीन. असा पत्ता घ्याले कोण शिकवंन पुढच्यांले?" मग ते म्हणाले, "आता अक्षर नको दाखवू. बोल. आणि पेशंटकडून परत म्हणवून घे."

तेव्हापासून सरांच्या काउंटरवर एक रीतच झाली. औषध दिलं की सांगायचं, आणि मग म्हणायचं, "आता तुमी मले सांगा." रुग्णानं बरोबर सांगितल्याशिवाय पाकीट हातातून सोडायचं नाही. पाकिटावर मजकुरासोबत चित्रंही आली : सकाळसाठी सूर्य, रात्रीसाठी चंद्र, आठवड्याच्या गोळीसाठी सात टिंबं आणि त्यातल्या एकाभोवती गोल. सुटीत सर स्वतः बसून ही चित्रं काढत. त्यांचे चंद्र फार वाईट येत, भाकरीच्या तुकड्यासारखे.

पुढे मी लग्न होऊन अकोल्याला आले. इथं माझं औषधांचं दुकान आहे आणि शिकणाऱ्या मुली माझ्याकडे प्रशिक्षणाला येतात. सर निवृत्त होईपर्यंत दरवर्षी मला कायद्याच्या पहिल्या तासाला अमरावतीला बोलावत. मी फळ्यासमोर उभी राहून कौसल्याबाईंची गोष्ट सांगे. पहिल्या वर्षी मला बोलवेना. सर मागच्या बाकावर मुलांमध्ये बसले होते. तिथूनच त्यांनी मान डोलवली आणि मी पुढे सांगत गेले. शरमेची गोष्ट शिकवता येते, हे मला त्या मागच्या बाकानं शिकवलं.

सरांची मुलगी अकोल्यात असते. सर बडनेऱ्याहून गाडीनं तिच्याकडे येतात तेव्हा हृदयाची औषधं माझ्याच दुकानातून नेतात. चिठ्ठीशिवाय कधीच येत नाहीत. गेल्या महिन्यात ते आले तेव्हा मी आत होते. काउंटरवर माझ्याकडची नवी मुलगी होती, सरांना न ओळखणारी. मी दाराआड थांबले.

तिनं चिठ्ठी वाचली, गोळ्या काढल्या, पाकिटावर चित्र काढलं आणि सांगितलं, "आजोबा, ही रक्त पातळ ठेवायची गोळी. रोज एकच. संध्याकाळी सातला. आता तुम्ही मला सांगा."

सर म्हणाले, "रोज एक. सकाळी."

"नाही आजोबा. संध्याकाळी. पुन्हा सांगा."

"संध्याकाळी, सात वाजता. एकच."

"बरोबर. आता पत्ता सांगा. पूर्ण."

"काहून? जेवाले येतं का?"

मी बाहेर आले. सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसून मान डोलवली, तशीच, मागच्या बाकावरून डोलवली होती तशी. ते मुद्दाम चुकले होते की खरंच विसरले होते, हे मी विचारलं नाही. पाकीट मात्र त्या मुलीनं बरोबर उत्तर आल्यावरच सोडलं होतं.

सर, आम्ही सगळे तुमच्याकडे जेवायला येणार आहोत, एकदा नाही, अनेक वर्षं. त्यासाठी गोळी रोज संध्याकाळी सातला घ्या, चालणं सोडू नका आणि दर महिन्याला ही चिठ्ठी घेऊन आमच्या काउंटरवर उभे राहा. आम्ही विचारू, तुम्ही सांगा. पत्ता आमच्या नोंदवहीत लिहिलेला आहे. पूर्ण.