समोरच्या ओळीतल्या कालवडी

माझ्यावर सगळ्यात मोठं ऋण कोणाचं, असं कोणी विचारलं तर मी आमच्या कॉलेजच्या गोठ्यातल्या मावशींचं नाव घेतो. नाव म्हणजे मावशी हेच. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, तिथे त्या अंगठा उठवायच्या. गोठ्यात त्यांना सगळे मावशीच म्हणत. माझे वडील उमरेडला हातमागावर लुगडी विणत, त्यांनी मला शिकवलं. आमच्या सरांनी हाताला धरून मला संशोधनात आणलं. त्या दोघांचं ऋण मी माझ्या परीनं थोडंफार फेडत आलो. मावशींचं तसंच राहिलं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. नागपुरातून पशुवैद्यकाची पदवी घेऊन मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो होतो आणि पुढच्या पदवीसाठी सरांच्या हाताखाली राहिलो होतो. सरांनी दिल्लीला एक योजना पाठवली होती. आमच्याकडे पूर्वेला सगळा धानाचा मुलूख. धान झोडपल्यावर जे वाळलेलं काड उरतं त्याला आम्ही तणस म्हणतो. उन्हाळ्यात गरिबाच्या जनावराला तेवढंच मिळतं. पोट भरतं, अंगाला काही लागत नाही. त्या तणशीवर युरियाचं पाणी शिंपडून ती खड्ड्यात दाबून महिनाभर हवाबंद ठेवली, तर मऊ होते आणि पचते. इतर ठिकाणी हे करून पाहिलेलं होतं. आमच्या तणशीवर, आमच्या गावठी कालवडींवर ते किती चालतं, हे आम्हाला पाहायचं होतं. योजना मंजूर झाली. त्या अनुदानातून बारा कालवडी आल्या, जनावरं तोलायचा काटा आला, माझी शिष्यवृत्ती आली आणि एका माणसाची रोजंदारी आली. ते एक माणूस म्हणजे मावशी.

उमरेडला जाऊन मी वडिलांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी मागाचा धोटा हातातच धरून ऐकलं.

"म्हणजे गाईनं काय खाल्लं ते लिहून ठेवाचे सरकार पैसे देते?"

"हो, बाबा."

"अन् किती शेण टाकलं तेही?"

"तेही तोलून लिहा लागते."

वडिलांनी धोटा खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "तुह्या आईले नको सांगू गा. तिनं साऱ्या आळीत सांगितलं हाय, पोरगा डॉक्टर झाला म्हणून."

मी नागपुरात सक्करदऱ्याला तलावाच्या बाजूला एक खोली घेऊन राहत होतो. उजाडता उजाडता सायकलनं गोठ्यावर पोचायचो, तर मावशी आधीच आलेल्या असायच्या. त्या गोवारी समाजाच्या. त्यांच्या सासरी-माहेरी पिढ्यान् पिढ्या गावाची गुरं राखलेली. माझ्या वहीत कालवडींना आकडे होते आणि मावशींकडे सगळ्यांना नावं होती. आम्ही दोघं एकाच कालवडीबद्दल बोलतो आहोत हे कळायला मला पहिला आठवडा लागला. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण काट्यावरचा आकडा त्या माझ्याआधी सांगत. आणि कोणती कालवड आज कमी खाईल, हे तिच्या कानांकडे पाहून आदल्या संध्याकाळीच सांगत. मी चार वर्षं कॉलेजात शिकलो होतो. कानांबद्दल मला कोणी सांगितलं नव्हतं.

पहिला खड्डा उघडला तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. वरची माती आणि पोती बाजूला केली आणि आतून असा उग्र वास आला की माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मावशी पदर नाकाला लावून हसत सुटल्या.

"रडून घे भाऊ, रडून घे. सासरी जाऊन राहिला का तू?"

"मावशी, हे कालवडी खातील का?"

"खातीन नाही तर काय. वारं लागू दे जरा. पहिल्या दिवशी नाक मुरडतीन, मंग तुह्या हातातून ओढतीन."

झालंही तसंच. तणस काढून पसरायची, तिला वारा द्यायचा, उग्रपणा गेला की गव्हाणीत घालायची. गोठ्याच्या मधोमध लांब गव्हाण होती. तिच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा कालवडी समोरासमोर बांधलेल्या. एका ओळीला खड्ड्याची तणस, दुसऱ्या ओळीला साधी. बाकी पेंड, मीठ, पाणी दोन्ही ओळींना सारखं. सकाळी आदल्या दिवशीचं उरलेलं तोलायचं, वहीत लिहायचं, मग नवीन घालायचं. दर पंधरवड्याला वजनं. दोन ओळींच्या वाढीत जो फरक पडेल, तो आमचा निकाल.

पुढे मी मोठ्या योजनांवर काम केलं. चांगल्या प्रयोगशाळा मिळाल्या, हाताखाली माणसं आली. पण सकाळी कुठल्याही गोठ्याचं दार उघडलं की मी अजूनही आतून येणाऱ्या एका आवाजाची वाट पाहतो. "आला का गा?" एवढाच तो आवाज. कोणी तसं म्हणत नाही. "गुड मॉर्निंग, सर," म्हणतात.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गायगोधन असतं. गुरांना न्हाऊ घालून रंगवतात आणि खिचडी चारतात. मावशींनी घरून पातेलं भरून खिचडी आणली. मी घाबरलो. प्रयोग चालू असताना बाहेरचं अन्न कसं चालेल? सरांकडे धावत गेलो. सर हसले. म्हणाले, "बाराही जणींना सारखी घाला आणि वहीत लिहा." म्हणून आमच्या त्या वर्षीच्या नोंदवहीत एका पानावर 'खिचडी, प्रत्येकी दोन मुठी' अशी नोंद आहे. मावशींनी मुठी मोजून दिल्या. एकीला चार शितं जास्त पडली तर तेवढी दुसरीला दिली. तेव्हाच माझ्या काही लक्षात यायला हवं होतं.

थंडी संपत आली तरी दोन ओळींत फरक पडेना. खड्ड्याची ओळ चांगली वाढत होती, पण साधी ओळही जवळजवळ तेवढीच. आणि एक विचित्र गोष्ट अशी की साध्या ओळीत तणस जास्त उरत होती. कमी खाऊन वाढतात कशा? मी काटा तपासून घेतला. पेंडीचं पोतं बदललं. दिल्लीहून पाहणी समिती यायची होती. फरक दिसला नाही तर मार्चअखेर अनुदान थांबणार, हे सगळ्यांना माहीत होतं. माझा प्रबंध मात्र अडणार नव्हता. सर म्हणाले होते, "फरक नाही, हेही उत्तरच आहे. तसं लिहा." मी तसा लिहायला घेतलाही होता. अर्धा टाइप झाला होता.

एक दिवस नोंदी घेऊन मी निघालो आणि पेन गोठ्यात विसरलं म्हणून परत फिरलो. दारातूनच दिसलं. खड्ड्याच्या ओळीपुढची उरलेली तणस तोलून झाली की ती उकिरड्यावर टाकायची, असा नियम होता. मावशी ती टोपली कमरेवर घेऊन साध्या ओळीपुढून चालल्या होत्या. प्रत्येकीला ओंजळ-ओंजळ घालत होत्या.

"घे वं माय. रोज तिच्या तोंडाकडे पाहून राहतेस. घे."

मी पेन न घेताच निघून आलो.

तलावाच्या काठाशी सायकल लावून मी बराच वेळ बसलो होतो. हे सांगितलं तर सगळे महिने वाया. प्रबंध गेला, आणखी एक वर्ष शिष्यवृत्तीशिवाय, आणि देखरेख माझी होती म्हणून दोष माझा. मावशींचं काम तर जाणारच. नाही सांगितलं तर 'फरक नाही' असं लिहून मला पदवी मिळेल. मी मनाला समजावलं की मावशींसाठी गप्प बसतो आहे. ते खरं नव्हतं. निदान पूर्ण खरं नव्हतं.

पंधरा दिवस गेले. रोज मी उरलेलं तोलून लिहायचो आणि मागे न पाहता जायचो.

समिती यायच्या आदल्या दिवशी मावशींनी विचारलं, "काहून गा, तोंड काहून उतरलं?"

"दोन्ही ओळी सारख्याच वाढल्या, मावशी. समिती म्हणेल, खड्ड्याची तणस काही कामाची नाही. स्कीम बंद."

"मंग?"

"मंग काय. कालवडी विकतील. आपण आपापल्या घरी."

"अन् लोकायले काय सांगतीन? हे चारू नका म्हणून?"

"तसंच सांगतील."

मावशी टोपली पालथी घालून तिच्यावर बसल्या. एक कालवड त्यांच्या खांद्यावरचा पदर चाटत होती, तिला त्यांनी बाजूला केलं नाही. "पण कामाची हाय न गा ते तणस," त्या म्हणाल्या. मी कागद आवरायला लागलो.

समितीत दोघं होते. त्यांतले वयस्कर गृहस्थ कागद न पाहता थेट कालवडींकडे गेले. साध्या ओळीतल्या एकीच्या पाठीवर हात फिरवून म्हणाले, "सिर्फ सादे पुआल पर इतनी बढ़त?"

सर काही बोलायच्या आत मावशी पुढे झाल्या. "नहीं साब. इसको मैं खिलाती थी. उधर का बचा हुआ."

 मग सरांनी मराठीत विचारलं, "रोज?"

"रोज, सर."

"का?"

"एका गोठ्यात समोरासमोर बांधल्या. एकीपुढं चांगलं वाढाचं अन् दुसरीनं पाहत राहाचं? पंगतीत असं नाही करत आपण. माह्या हातानं नाही झालं. अन् चांगली तणस उकिरड्यावर टाकाची, तेही नाही झालं."

सर माझ्याकडे वळले. "तुम्हाला हे माहीत होतं?"

मी तोंड उघडण्याआधी मावशी म्हणाल्या, "भाऊले नाही माहीत. तो आकडे लिहून गेला का मंग चारत होती मी."

आणि मी गप्प राहिलो. त्या क्षणी 'हो' म्हणायला एक श्वास पुरला असता.

समितीनं रागवारागवी केली नाही. त्या वयस्कर गृहस्थांनी उलट मावशींना नमस्कार केला. प्रयोग पुन्हा करायला एक हंगाम वाढवून मिळाला. अटी दोन होत्या: दोन्ही गट वेगवेगळ्या गोठ्यांत ठेवायचे आणि रोजंदारीचं माणूस बदलायचं. मावशी दुसऱ्या दिवशी आपला विळा आणि डबा न्यायला आल्या. प्रत्येक कालवडीच्या कपाळावर त्यांनी हात ठेवला. मला म्हणाल्या, "नव्या माणसाले सांगजो, ते कोपऱ्यातली थंड पाणी नाही पीत." एवढंच बोलून त्या गेल्या.

त्या हंगामात फरक पडला. ठळक पडला. आकडे वहीत उतरवताना मला आनंद होत होता आणि सांगायला कोणी नव्हतं. नवीन माणूस कामाला चोख होता, उरलेली तणस मोजून उकिरड्यावर टाकायचा. मला पदवी मिळाली, मग भंडाऱ्याकडे नोकरी. पदवीचे पेढे घेऊन मी मावशींच्या वस्तीत गेलो होतो. घराला कुलूप होतं. शेजारणीनं सांगितलं, लेकीकडे खापरखेड्याला गेल्या, जावई वीजघरात आहे, कॉलनीत राहतात. ते पेढे मी शेजारणीच्या हातात दिले. खापरखेडा काही लांब नाही. तरी मी गेलो नाही. दोन वर्षांनी पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. पत्र पोचलं की नाही, पोचलं तर जावयानं वाचून दाखवलं की नाही, हे मला आजवर कळलेलं नाही. लिहिताना केलेली नक्कल माझ्याजवळ आहे.

"ती. मावशींना नमस्कार.

मी गोठ्यावरचा भाऊ. जावईबापूंनी हे पत्र तुम्हाला पूर्ण वाचून दाखवावं, मधलं काही गाळू नये, ही विनंती.

खड्ड्याची तणस कामाची निघाली. तुम्ही म्हणत होता तसंच झालं. आता सरकारनं ती गावोगाव दाखवायला पैसे दिले आहेत आणि ते काम माझ्याकडे आहे. मी धानाच्या गावांत जाऊन खड्डे भरून दाखवतो. इथल्या बायका एका गाईपुढचं उरलेलं दुसरीपुढे टाकतात. मी कोणाला अडवत नाही.

त्या दिवशी सरांनी मला विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, भाऊले माहीत नाही. मावशी, मला माहीत होतं. पंधरा दिवस आधी मी दारातून पाहिलं होतं आणि पदवी जाईल म्हणून गप्प बसलो. तुमचं काम गेलं तेव्हाही गप्प बसलो. तुम्ही मला पाहिलं होतं का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारतो. पाहिलं असेल तर तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात. नसेल तर तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात. दोन्हींपैकी कशाला मी लायक होतो, ते मला कळत नाही.

आजच मी सरांनाही पत्र टाकलं आहे आणि त्यात हे सगळं जसं घडलं तसं लिहिलं आहे. ते काय ठरवतील ते मला मान्य आहे. तुमच्या कामाबद्दलही त्यांना लिहिलं आहे, पण ते माझ्या हातातलं नाही, म्हणून आशा लावत नाही.

तुम्हाला राग आला असेल तर तसं कळवा. राग आला नसेल तरी कळवा. उत्तरासाठी एका कार्डावर माझा पत्ता लिहून ते आत ठेवलं आहे.

तुमचा भाऊ"