गायकाची कवळी

इमारतीत तिला सगळे दातवाली म्हणत. ती कवळ्या बनवायची. दातांचे डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचा साचा पाठवत, ती त्यावर मेणाची हिरडी उभी करी, एकेक दात बसवी आणि मग पक्की कवळी घासूनपुसून परत पाठवी. गावातली निम्मी म्हातारी माणसं तिने केलेल्या दातांनी हसत होती. तिच्याकडे बघून हसणारं मात्र कोणी उरलं नव्हतं. आई गेल्यापासून दोन खोल्यांत ती एकटीच. धाकटी बहीण रविवारी फोन करायची, "जेवलीस का? एकटीला करमतं का गं?" असं एका दमात विचारायची, आणि पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की ठेवून द्यायची.

करमायचं ते एका गायकाच्या जिवावर. कामाच्या टेबलावर जुना टेपरेकॉर्डर होता, आणि त्यात त्या एकाचीच गाणी. त्याने गाणं सोडून कैक वर्षं झाली होती. नव्या लोकांना तो माहीत नव्हता, जुने विसरले होते. पण एके काळी त्याच्या चाहत्यांची मोठी टोळी होती. त्याच टोळीत तिला पहिलीरांग भेटला होता. छापखान्यात मशीनवर कामाला होता. कार्यक्रम कुठेही असो, हा पहिल्या रांगेत, म्हणून ते नाव. तिकीट काढताना दोघांचं कडाक्याचं भांडण झालं, कुठलं गाणं सरस यावरून. भांडता भांडता सूत जुळलं. लग्न ठरलं. आईने त्या आनंदात घरातले पडदेसुद्धा बदलले.

लग्न तोंडावर आलेलं असताना एका कार्यक्रमात गायकाचा आवाज फाटला. वरचा सूर लावायला गेला आणि नुसता खरखराट बाहेर आला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. लोक कुजबुजायला लागले. पहिलीरांग उठला आणि तिच्याकडे न बघता बाहेर चालता झाला. ती शेवटपर्यंत बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी तो घरी आला तर तिने त्याला आत घेतलंच नाही. "ज्याला फाटलेला आवाज सोसवत नाही, त्याला माझे पिकलेले केस कसे सोसतील?"

तो दारातूनच वळला. आला तसा गेला. दोघंही एकापेक्षा एक हट्टी. पुढे एक-दोन स्थळं आली. तिने नाही म्हटलं नाही, पण हो म्हणायचं राहून गेलं. केस खरोखरच पिकले.

मग एक दिवस तिचे नेहमीचे डॉक्टर स्वतःच साचा घेऊन आले. "ताई, हे काम जरा जपून करा. माणूस पूर्वी गायचा म्हणे, आता पुन्हा गाणार आहे. 'स' म्हणताना शिट्टी वाजता कामा नये." आणि त्यांनी नाव सांगितलं.

तिने साचा दोन्ही हातांत धरला आणि खाली ठेवायलाच विसरली.

मेणाचे दात बसवून बघायला गायक डॉक्टरांकडे आला तेव्हा तीही गेली. उभ्या आयुष्यात तिने त्याला लांबूनच पाहिलं होतं, दिव्यांच्या झोतात. आता तो खुर्चीत आ वासून बसला होता, गालफडं बसलेली, छातीवर कागदी रुमाल.

"म्हणा, सात ससे सावलीत सुस्तावले," ती म्हणाली.

"थात थथे," गायक म्हणाला आणि स्वतःच हसत सुटला. तिने पुढचे दात किंचित आत घेतले, पुन्हा म्हणायला लावलं. तिसऱ्या खेपेला ससे नीट आले. मग त्याने डोळे मिटले आणि हलकेच एक ओळ गुणगुणली. तिने हातातला चिमटा टेबलावर ठेवून दिला.

"तुम्ही गाणं ऐकता का?" त्याने विचारलं.

"कधीमधी," ती म्हणाली. घरी येऊन तिने स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या.

कार्यक्रम वाचनालयाच्या सभागृहात होता, रविवारी दुपारी. खुर्च्या भरपूर, माणसं तुरळक. ती मधे कुठेतरी बसली, शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवून, म्हणजे कोणी येणार आहे असं वाटावं. मागे वळून पाहिलं तर अगदी शेवटच्या रांगेत पहिलीरांग. टक्कल पडलेलं, अंगाने सुटलेला, पण बसायची ढब तीच, गुडघ्यांवर मुठी. तिने चटकन मान पुढे वळवली, आणि मग कार्यक्रमभर तिची मान आखडून राहिली.

पहिली दोन गाणी छान झाली. तिसऱ्यात कवळी जराशी सैल झाली, 'स' आला आणि शिट्टी वाजली. पुढच्या ओळीत आणखी एक. कोणीतरी फिसकन हसलं. तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. गेला, तिच्या मनात आलं. स्वभावाला औषध नाही.

गायक थांबला. शांतपणे पाठ वळवून त्याने कवळी काढली, रुमालात गुंडाळली आणि खिशात टाकली. "माफ करा," तो बोबड्या बोलीत म्हणाला, "दातांची आणि माझी ओळख नवी आहे." आणि मग शब्दांच्या वाटेला न जाता नुसत्या सुरांत ते गाणं पुरं केलं. आवाज थकलेला होता, खरखरत होता. तिला रडू आवरेना.

बाहेर पायऱ्यांवर पहिलीरांग उभा होता. तो गेला नव्हता. खुर्ची सरकवून, चांगला कान पुढे करून भिंतीला टेकून उभा राहिला होता, एका कानाने कमी ऐकू येतं म्हणून.

"कशी आहेस?" त्याने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता, "गाणं उत्तम झालं. फक्त ते दात! ज्या कुणी गाढवाने ते केले ना..."

"मी केले."

त्याचं तोंड उघडं राहिलं. त्याची खालची दाढ पडलेली होती, हे तिने सवयीने टिपलं. दोघंही हसत सुटली, इतकी की वाचनालयाच्या शिपायाने आत बोट दाखवून गप्प केलं.

समोरच्या हॉटेलात चहा घेताना तिने विचारलंच. "त्या दिवशी का उठून गेलास?"

"लाज वाटली," तो म्हणाला. "त्याची नाही गं, माझी. गावभर सांगत फिरलो होतो, याच्यासारखा दुसरा नाही. आता लोक मला हसतील, एवढंच डोक्यात आलं. तो बिचारा तिथे उभा होता, आणि मी माझ्या अब्रूचा विचार करत होतो."

"मग हे दारात का नाही सांगितलंस?"

"सांगण्यासारखं होतं का ते?"

तिला कबूल करावं लागलं की नव्हतं. त्याने लग्न केलं होतं, ते मोडलंही होतं. बायको म्हणायची, तुम्ही घरात असता पण घरातले नसता. हे सांगताना तो बशीकडे बघत होता.

पुढच्या रविवारी तो घरी आला. बहिणीचा फोन तेव्हाच यायचा. तिने "जेवले, जेवले" म्हणून घाईने ठेवला. मग दर रविवारी दोघं गाणी ऐकायची. त्याच्यासाठी आवाज मोठा करावा लागे, शेजारी भिंतीवर थापा मारत. तिला त्याचा त्रासही व्हायचा: खुर्च्या हलवायचा, ऐकताना बोलायचा, हात पुसून टॉवेल कुठेही टाकायचा. संध्याकाळी तो निघाला की हायसं वाटे. आणि दार लावलं की घर पूर्वीपेक्षा रिकामं वाटे. पूर्वी एकटेपणाला एक शिस्त होती. आता सोमवारपासूनच तिचं रविवारकडे लक्ष.

वर्षभराने तिनेच विषय काढला. "आईची खोली रिकामीच आहे."

"मला एकटं झोपायची सवय आहे," तो घाबरून म्हणाला.

"मलाही. म्हणूनच खोली म्हणाले."

तो दोन बॅगा घेऊन राहायला आला. सही करून लग्न केलं, बहीण साक्षीला आली आणि पहिल्यांदाच फोनवर नव्हे, समोर बसून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत थांबली. "करमेल हळूहळू," दातवाली म्हणाली.

बहीण गेल्यावर त्याने बॅग उघडली, बंद केली. ती स्वयंपाकघरात गेली, पाठोपाठ तोही आला. इतक्या वर्षांच्या सवयीने दोघांनी आपापला चहा वेगवेगळा केला, आणि एकाच टेबलाशी बसून प्यायला.