माझेही पणजोबा

कोवलमच्या किनाऱ्यावर होडीला डांबर फासत होते. त्या वासासरशी बंदराजवळची आमची शाळा आठवली.

आयरिश कैद्यांना जहाजाने ऑस्ट्रेलियाला धाडल्याचा धडा चालू होता. तपासणीला आलेले साहेब हसले, "सगळे चोरच!"

आमच्या आयरिश मिस ताठ उभ्या राहिल्या. "त्यांत माझे पणजोबा होते. भुकेल्या मुलांसाठी त्यांनी मेंढी चोरली. मला त्यांची लाज वाटत नाही." मिसनी नोकरी पणाला लावली होती, हे आज कळतं.

माझ्या पणजोबांना इंग्रजांनी बंडासाठी अंदमानला नेलं होतं. कैदी म्हणून घरी त्यांचं नाव काढायला बंदी होती. तरी मी उठले. "माझेही पणजोबा बेड्या घालून गेले, सर."

संध्याकाळी जेवताना मी पणजोबांचं नाव घेतलं. "गप्प बस!" माझे वडील, अप्पा, ओरडले.

मी पुन्हा घेतलं, आणखी मोठ्याने.