घोट्यातली करकर

मी पायाळू. जन्मताना आधी पाय बाहेर आले. अशा माणसाच्या पायात गुण असतो असं आमच्याकडे मानतात. कोणाची कंबर धरली, कोणाचा पाय मुरगळला, की तो पालथा पडतो आणि पायाळूने दुखऱ्या जागेवरून आपला पाय तीनदा फिरवायचा. मी पन्नास वर्षं फिरवला. लचक चार दिवसांत आपली आपणच उतरते, हे मला कळत होतं. पण लोक नारळ आणत, मान देत, मी घेत होते. शाळा माझी चौथीपर्यंत. दुसरा कसला मान मिळणार होता?

माझी नात चाकांवर नाचायची. स्केटिंग म्हटलं की लोकांना शर्यत वाटते. हिचं तसं नव्हतं. गाणं लावायचं, गिरक्या घ्यायच्या, उडी मारून हवेत फिरायचं आणि उजव्या पायावर मागे सरकत उतरायचं. नागपुरात लकडगंजच्या बाजूला एका शाळेमागे गुळगुळीत फरशी आहे, तिथे ती सातव्या वर्षापासून जायची. गुडघे, कोपरं कायम सोललेली. एकदा मनगट मोडलं, तर प्लास्टरसकट फेऱ्या मारून आली.

ती चौदा वर्षांची होती. राज्याची स्पर्धा आठ दिवसांवर आली असताना ती उडीतून वाकडी उतरली. लंगडत घरी आली. घोटा इतका सुजला होता की मोजा निघेना.

सून म्हणाली, "एक्सरे काढून आणू."

नात माझ्याकडे बघून म्हणाली, "लचक आहे ना वं आजी? तू पाय फिरवून दे."

"आई, तुम्ही मधात पडू नका. हाड मोडलं असलं तर?"

"हाड असतं तर पोरगी चालत आली असती का? तुले काय कळते त्यातलं?"

नात पालथी पडली. मी भिंत धरून तिच्या घोट्यावरून पाय फिरवला. दुसऱ्या फेरीला तळव्याखाली करकर लागली, वाळूवर पाय पडावा तशी. लचकेत करकरत नाही. इतक्या जणांचे घोटे पायाखालून गेले होते, मला फरक कळत होता. तिसरी फेरी मी हलक्याने फिरवली आणि म्हटलं, "लचक आहे. उतरते चार दिवसांत."

काहून म्हटलं? सून समोर उभी होती. तिच्यापुढे माझा पाय खोटा पडला असता. दुसरं कारण नाही, मी शोधून पाहिलं.

स्पर्धा नागपुरातच होती. नात घोट्याला पट्टी बांधून उतरली. दुसऱ्या उडीनंतर ती उठली नाही. गाणं मात्र चालूच राहिलं. घोट्यात प्लेट आणि सहा स्क्रू बसवावे लागले. डॉक्टर म्हणाले, "भेग आधीचीच होती. तेव्हाच प्लास्टर घातलं असतं तर दोन-तीन महिन्यांत खेळली असती." सून मला काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं मी म्हणणार नाही. बोलली नाही, मला सोपं गेलं.

मग वर्षभर व्यायाम. पायाच्या बोटांनी गोट्या उचलून वाटीत टाकायच्या. एका पायावर उभं राहून शंभर मोजायचं. मोजायचं काम माझं.

"आजी, तू मधातले आकडे गाळून राहिली."

"लवकर संपावं म्हणून गाळते."

"मग वर्षं पण गाळ ना वं थोडी," म्हणाली आणि हसली.

चालणं आलं, धावणं आलं, फरशीवर गिरक्याही आल्या. उडी आली नाही. वेग घ्यायची, अंग वळवायची आणि ऐनवेळी दोन्ही पाय खाली टेकवायची. महिनाभर हेच. तिचे सर म्हणाले, "पाय तयार आहे बेटा, मन नाही."

एका सकाळी तिने स्केटचे बूट काढले आणि फरशीच्या कडेला बाकावर माझ्या शेजारी बसली.

"आजी, मी आता नाही येत इथे. उडी घ्यायच्या आधीच मले माहा पाय मोडताना दिसते."

मी म्हटलं, "त्या दिवशी पाय फिरवताना मले करकर लागली होती. मले माहीत होतं."

ती लेस बुटांना गुंडाळत होती. वर बघितलं नाही. "मलेही लागली होती, घरी चालत येतानाच. म्हणून तर तुह्याकडे आली. आईनं एक्सरे काढला असता तर स्पर्धा गेली असती."

कबूल केलं की हलकं वाटतं म्हणतात. मला वाटलं नाही. पोरीला खोटं हवं होतं, चौदाव्या वर्षी हवंच असतं. म्हातारीने ते द्यायला नको होतं.

ती आता अकरावीला आहे. थंडीत घोटा दुखतो, जिना उतरताना कठडा धरते. करकरीचं आम्ही दोघींनीही सुनेला सांगितलेलं नाही. हे लिहिलेलं सून वाचेल. वाचू दे.