आमच्या हाउसबोटीच्या कॅप्टनवहिनी

कॅप्टनवहिनींना पोहता येत नव्हतं. ही गोष्ट त्या लपवत तर नसतच, उलट बोटीवर पहिलं पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाला लाइफ जॅकेट देता देता स्वतःच सांगत, "मला पोहता येत नाही. तेव्हा मी बोट बुडू देणार नाही याची खात्री बाळगा. चला, बक्कल लावा." यावर हसावं की घाबरावं हे ठरेपर्यंत बक्कल लागलेलं असे.

वहिनी मूळच्या सोलापूरच्या. जर्मनीत वोल्फ्सबुर्गला आमच्या वरच्या मजल्यावर राहत आणि एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होत्या. म्हणजे दुसऱ्याने केलेली गोष्ट कुठे मोडेल ते शोधण्याचा पगार घेत. त्यांचे यजमान, ज्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणायचो, बोटीवर स्वयंपाकघर सांभाळत आणि सुकाणूला चुकूनही हात लावत नसत. "एका म्यानात दोन तलवारी नकोत," असं म्हणून ते कांदा चिरायला घेत. दर उन्हाळ्यात ही दोघं मेक्लेनबुर्गच्या सरोवरांत हाउसबोट भाड्याने घेत आणि सोबत एखाद्या ओळखीच्या कुटुंबाला नेत. एका वर्षी आमचा नंबर लागला.

अशी बोट चालवायला आधीपासून लायसन्स असावं लागत नाही. बोटवाले दोन-तीन तास सगळं शिकवतात, थोडी चालवून घेतात आणि किल्ली हातात देतात. वहिनींना खरं तर हे सगळं पाठ होतं, पण त्या दर वर्षी पहिलीच्या वर्गात बसल्यासारख्या पुढे उभ्या राहत. "आल्झो, म्हणजे असं बघा, इंजिन मध्येच बंद पडलं तर?" "वारा बाजूने आला तर?" "टॉयलेटची टाकी भरली हे कळणार कसं?" शिकवणारा तरुण जर्मन 'गेनाऊ, गेनाऊ', म्हणजे 'बरोबर, बरोबर', म्हणत म्हणत घामाघूम झाला. माझा नवरा निखिल हळूच म्हणाला, "वहिनी, तुम्ही तर दर वर्षी येता." त्या म्हणाल्या, "मागच्या वर्षीची बोट वेगळी होती. हिची ओळख नको का करून घ्यायला?"

सामानाच्या बाबतीत त्या निर्दय होत्या. आम्ही चाकांची मोठी सुटकेस नेली होती. ती बघून त्यांनी इतकंच विचारलं, "ही कोणाच्या शेजारी झोपणार?" बोटीत कपाटं एवढीशी; घडी होणारी कापडी पिशवीच हवी, हे आम्हाला तेव्हा कळलं. सुटकेस गाडीत राहिली आणि आमचे कपडे भाऊंच्या बटाट्यांच्या पिशव्यांतून बोटीवर चढले. बटाटे आदल्याच दिवशी, शनिवारी विकत घेऊन झाले होते. रविवारी इथे दुकानं बंद, आणि सरोवराच्या मध्यावर भूक लागली तर बदकं काही देत नाहीत, हेही वहिनींचंच वाक्य.

पाण्याच्या टाकीबद्दल मात्र त्यांना कोणी काही शिकवायची सोय नव्हती. "मी टँकरच्या पाण्यावर मोठी झाले आहे," त्या म्हणत. भांडी आधी कागदाने पुसायची, मग धुवायची. अंगाला साबण लावताना नळ बंद. आणि वाटेत बंदर लागलं की गरज असो-नसो, टाकी भरून घ्यायची. आमची मुलगी रेवा तेव्हा नऊ वर्षांची होती; मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्ये. तिने शॉवर जरा लांबवला की वहिनी दारावर टकटक करून ओरडत, "रेवाबाई, सोलापूर!" आतून नळ बंद व्हायचा आणि आवाज यायचा, "जा, जा!" म्हणजे जर्मनमधलं 'हो, हो'.

बोट धक्क्याला लावताना त्यांचा आवाज एकदम खाली यायचा. पाळण्यात मूल निजलंय असं समजून जायचं, असं त्या सांगत. तोंड वाऱ्याकडे ठेवायचं, वेग जवळजवळ नाहीच, आणि बोट भिंतीला लागतेय असं वाटलं तरी कोणी पाय मध्ये घालायचा नाही. "बोटीचा पत्रा सरळ करून मिळतो. पाय नाही."

त्या सहलीला आमच्याबरोबर निखिलचे वडील होते. अण्णा निवृत्त मुख्याध्यापक. माझ्या सासूबाई जाऊन वर्ष होत आलं होतं आणि आम्ही अण्णांना पुण्याहून आमच्याकडे आणलं होतं. घरात ते खिडकीपाशी बसून राहत. विचारलं तर 'हो', 'नको', 'चालेल'. बोटीवर न्यावं की नाही यावर आम्हा दोघांत बरीच वादावादी झाली होती. वहिनींनी ती जिन्यात ऐकली असावी, कारण दुसऱ्या दिवशी त्या थेट अण्णांनाच म्हणाल्या, "काका, मला दोर धरायला एक भरवशाचा माणूस हवाय. येता का?" अण्णा म्हणाले, "चालेल."

दोराचं काम लागतं ते श्लॉइझमध्ये. कालव्यात एका बाजूचं पाणी उंच आणि दुसऱ्या बाजूचं खाली असेल तिथे मध्ये दोन्हीकडे दरवाजे असलेला एक लांबलचक हौद असतो, तो श्लॉइझ. बोट आत घ्यायची, मागचा दरवाजा बंद होतो, पाणी उतरवतात, त्याबरोबर बोटही उतरते, मग पुढचा दरवाजा उघडतो. तोवर बोट इकडेतिकडे जाऊ नये म्हणून काठावरच्या खुंट्याला दोर नुसता वळसा घालून धरायचा. उन्हाळ्यात तिथे बोटींची रांग लागते. मागे-पुढे लोक बघत असतात.

पहिल्या श्लॉइझमध्ये अण्णांनी दोर खुंट्याला घातला आणि मुख्याध्यापकी शिस्तीने त्याला पक्की गाठ मारली. आमचं कोणाचंच लक्ष नव्हतं. पाणी उतरू लागलं. बोटीची एक बाजू खाली जाईना. जमीन तिरकी होतेय हे मला कळलं तेव्हा प्रेशर कुकर माझ्या पायाशी येऊन आदळला होता. कप फुटले. रेवा किंचाळली. दोर सळईसारखा ताठ झाला होता आणि अण्णा ती गाठ सोडवायला बघत होते.

"काका, हात काढा! मागे व्हा! सगळे मागे!" वहिनी ओरडल्या. सुकाणू सोडून त्या धावल्या, जाता जाता भाऊंच्या हातातली कांद्याची सुरी घेतली आणि दोर कापला. धाडकन आवाज झाला, बोट पाण्यावर आपटली, दोनदा डुलली आणि सरळ झाली. काठावरच्या एका जर्मन आजोबांनी टाळ्या वाजवल्या. वहिनींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी हात खिशात घातले.

अण्णा खाली केबिनमध्ये जाऊन बसले. मी पाणी घेऊन गेले तर म्हणाले, "सूनबाई, मला परत पाठवा. मी उगाच आलो. तुम्हा सगळ्यांना मारलं असतं मी." त्यांनी इतकं बोलून किती महिने झाले होते! तेवढ्यात पुढे बोट सुरक्षित लावून वहिनी खाली आल्या आणि त्यांच्यासमोर बसल्या.

"काका, गाठ कोणती मारली होतीत?"

"पक्की," अण्णा मान खाली घालून म्हणाले.

"पक्कीच होती. मलासुद्धा सुटली नसती. पण इथे बांधायचं नसतं, नुसतं धरायचं. आणि बोट उतरेल तसा दोर हळूहळू सोडत राहायचा. का ते मी तुम्हाला सांगायला हवं होतं. नुसतं 'धरा' म्हटलं, ते माझं चुकलं." मग उठता उठता म्हणाल्या, "पुढचा श्लॉइझ तासाभराने आहे. दोर तुमच्याकडेच."

निखिल केबिनच्या पायऱ्यांवरून म्हणाला, "वहिनी, मी धरतो ना."

"तू चहा धर," वहिनी म्हणाल्या.

पुढच्या श्लॉइझला अण्णा पुढच्या बाजूला उभे राहिले. मी त्यांच्यामागे उभी, जीव मुठीत. पाणी उतरू लागलं तशी त्यांनी हातातून दोर सोडायला सुरुवात केली. आणि प्रत्येक वेळी मोठ्याने सांगायला लागले, "सोडतोय... थांबलो... सोडतोय..." वर्गात शुद्धलेखन घालावं तसा खणखणीत आवाज. वहिनी सुकाणूवरून फक्त "छान" म्हणत होत्या. दरवाजे उघडले तेव्हा रेवा टाळ्या पिटत ओरडली, "ओपा, नोखमाल!" अण्णांनी मला विचारलं, "काय म्हणतेय?" मी म्हटलं, "आजोबा, पुन्हा एकदा." ते खो खो हसले.

त्या संध्याकाळी एका गवताळ काठाला बोट लावून आम्ही भाऊंची खिचडी खात होतो. अण्णा अचानक म्हणाले, "सुमन असती तर आत्तापर्यंत चपला काढून पाण्यात पाय सोडून बसली असती." सासूबाईंचं नाव त्यांनी वर्षभरात घेतलं नव्हतं. निखिलने मान वळवली. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "मग तुम्ही बसा की." अण्णांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि खरंच बसले. पाणी गार होतं. ते जोरात ओरडले. जेवण संपेपर्यंत ते सासूबाईंबद्दलच बोलत होते.

त्यानंतर तीन उन्हाळे आम्ही वहिनींबरोबर गेलो, आणि पुण्याला परत गेलेले अण्णाही दर वेळी तिथून आले. मग वहिनींच्या गुडघ्यांनी दगा दिला. धक्क्यावरून बोटीवर उडी मारणं जमेना. भाऊ निवृत्त झाले आणि दोघं न्युरेम्बर्गला मुलीजवळ राहायला गेली. ट्रक भरत असताना वहिनी माझ्यासाठी खाली आल्या. मला वाटलं, निरोपाचं काही बोलतील. त्या म्हणाल्या, "बोट वसंतातच ठरवून टाक. नंतर चांगल्या मिळत नाहीत." आणि मला मिठी मारली.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही पहिल्यांदाच त्यांच्याशिवाय गेलो. सुकाणू माझ्याकडे. सकाळी पाणी आरशासारखं स्थिर होतं, दोन्ही बाजूंना लव्हाळे आणि पुढे कालव्याचं तोंड. राहवलं नाही म्हणून एका हाताने मी त्यांना व्हिडिओ कॉल लावला. त्या चष्मा शोधत पडद्यावर आल्या.

"वहिनी, बघा! आम्ही आलोय!"

"कोण चालवतंय?"

"मी!"

"मग फोन कसला करतेस? ठेव. समोर बघ."

आणि फोन बंद झाला. मी समोर बघितलं. कालवा डावीकडे वळत होता.