लुकणराव आणि छतातली काच

माझे साडू चष्म्याच्या दुकानात काचा बसवतात. फ्रेममध्ये काच घट्ट बसवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही, हे त्यांनीच मला अनेकदा सांगितलं आहे. नातेवाइकांत मात्र ते लुकणराव म्हणूनच ओळखले जातात. खिडकीच्या काचेच्या कडेला भरायचं पांढरं लुकण त्यांच्याकडे कायम असतं, आणि फट दिसली की त्यांची बोटं शिवशिवतात. एकदा त्यांनी आमच्या दाराचं किल्लीचं भोकच बुजवलं. "वारा येत होता," म्हणाले. आम्ही तेव्हा किल्ली घेऊन बाहेर उभे होतो.

माझी मेहुणी, म्हणजे अक्का, घरी शिवणकाम करते. सुईत दोरा ओवताना तिच्या डोळ्यांना पाणी येऊ लागलं, तेव्हा लुकणरावांनी मशीनच्या वर छताला चौकोन पाडून काचेची तयार चौकट बसवली. आयुष्यात बायकोला दिलेली ही त्यांची एकच भेट, जी तिने दुकानात जाऊन बदलून आणली नाही.

पुढे ती काच गळू लागली. लुकणराव छतावर चढत, पाला झाडत, कडा तपासत, लुकण थापत. मी खाली शिडी धरत असे. चौकटीच्या खालच्या अंगाला बाहेरून बारीक भोकं होती.

"कारखानेवाले बघा, साडूभाऊ! काच विकतात आणि भोकं फुकट देतात!" असं म्हणून त्यांनी तीही लिंपली. गळती वाढली.

शेवटी एका नवरीच्या पोशाखावर डाग पडला.

"अहो, पुरे झालं आता," अक्का म्हणाली. "आणखी एक थेंब पडला, तर वर पत्रा ठोकायचा. मी दिव्याखाली शिवीन."

"पत्रा? आणि तुझे डोळे?"

"डोळे माझे आहेत. कपडे लोकांचे आहेत."

लुकणरावांचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी मला तातडीने बोलावून घेतलं. सकाळ थंडगार, आभाळ निरभ्र. आम्ही काचेखाली चहा घेत बसलो. अक्का तोच पोशाख धुऊन वाफेच्या इस्त्रीखाली घालत होती. साडूंनी कप तोंडाला लावला आणि त्यांचा चष्मा धुरकटला. एरवी ते लगेच पुसतात. आज तसेच बसून राहिले.

"अहो, चहा निवतोय," अक्का म्हणाली.

"साडूभाऊ, माझ्या चष्म्यावर पाऊस पडला का हो?"

त्यांनी चष्मा पुसला. इस्त्रीकडे पाहिलं, वर जाणाऱ्या वाफेकडे पाहिलं, मग छताकडे. थंड काच धुरकटली होती. थेंब ओघळून चौकटीच्या आतल्या पन्हळीत जमत होते, आणि पन्हळ तुडुंब भरली होती.

"सापडलं! पाणी वरून येतच नाही! तुझ्या इस्त्रीची वाफ आहे ती!"

अक्काने इस्त्री खाली ठेवली. "म्हणजे दोष माझा?"

"दोष नाही गं. उगम."

"आणि ते पाणी बाहेर जायला कारखानेवाल्यांनी वाट नव्हती ठेवली?"

लुकणरावांनी लुकणाचं डबडं हळूच खुर्चीखाली सरकवलं. मी कपाच्या तळाशी पाहत राहिलो. आमच्या ऑफिसच्या भाषेत सांगायचं, तर आवक चालू आणि जावक बंद, असा प्रकार होता.

चष्म्याचे स्क्रू पिळायचा छोटा पेचकस घेऊन ते वर चढले. खालून आम्हाला काचेला चिकटलेलं त्यांचं नाक दिसत होतं. एकेक भोक मोकळं झालं, तसं पन्हळीतलं पाणी खाली उतरत बाहेर गेलं. अक्काने इस्त्री पुन्हा हातात घेतली. पोशाख पूर्ण होईपर्यंत तिचं अर्धं लक्ष वरच होतं. एकही थेंब पडला नाही.

"राहू दे काच," ती म्हणाली. "पण लुकणाचं डबडं माझ्या कपाटात."

आता इस्त्री चालू झाली की लुकणराव धावत जाऊन खोलीची खिडकी उघडतात, आणि सुट्टीच्या दिवशी पाला झाडून पेचकसाने भोकं साफ करतात. परवा अक्काबरोबर आमच्याकडे आले, तेव्हा मोरीच्या भिंतीतल्या एका भोकापुढे बराच वेळ उभे होते. मग अक्काकडे वळून हळूच म्हणाले, "हे मुद्दामच ठेवलेलं असेल, नाही?"