भोंग्यावर भाजलेला केक

केक मिक्सचं पाकीट मला मुळीच मान्य नाही. पाणी घालून कालवायचं आणि भाजायचं, मग त्यात आणि गवंड्याच्या प्लास्टरमध्ये फरक तो काय राहिला? केक करायचाय ना, मग लोणी-साखर हाताने फेसा, खांदा दुखून येऊ दे, साखर बोटाला लागेनाशी होऊ दे. एवढा दम नसेल तर सरळ शिरा करावा.

माझी मतं अशी पक्की आहेत आणि हल्ली ती ऐकायला घरात कोणी नाही, म्हणून इथे सांगून टाकते. मैदा चाळल्याशिवाय घ्यायचा नाही. अंडी फ्रीजमधून काढली की लगेच फोडायची नाहीत. इकडच्या शरबती गव्हाला पोळीसाठी तोड नाही, पण पौष्टिक म्हणून त्याची कणीक केकमध्ये घालाल तर वीट तयार होईल, वीट! लोण्यापेक्षा वनस्पती तुपाचा केक हलका होतो, हे मी चारचौघांत कबूल करत नाही, पण होतो. केक झाला की नाही ते बघायला विणायची सुई खुपसायची. ती सिलिकॉनची लवचीक उलथनी लेकीने पाठवली आहेत, ती ड्रॉवरमध्ये सुखाने नांदताहेत.

आणि ओव्हन. माझा ओव्हन म्हणजे अॅल्युमिनियमचा गोल डबा, वरच्या झाकणाला एक काचेची खिडकी, आत कॉइल. गरमी कमी-जास्त करायची सोय नाही. चालू किंवा बंद, बस्स. लग्न होऊन मी पुण्याहून भोपाळला, कारखान्याच्या टाऊनशिपमधल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आले, त्यानंतरच्या पहिल्या दिवाळीला यांनी तो आणला. हे कारखान्यात विजेच्या मोटारींच्या वाइंडिंगवर, म्हणजे तारा गुंडाळायच्या कामावर होते. ओव्हनची कॉइल तुटली की दुकानात न्यायची सोयच नव्हती. "अगं, मी हत्तीएवढ्या मोटारी गुंडाळतो, तुझ्या या डबड्याचं काय घेऊन बसलीस," म्हणायचे आणि जमिनीवर फतकल मारून बसायचे. मग संध्याकाळभर स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नसायची.

आमच्या टाऊनशिपमध्ये स्वयंपाकघरात घड्याळ कोणाच्याच नव्हतं. लागायचंच नाही. कारखान्याचा भोंगा होता. सकाळच्या भोंग्याला डबा भरलेला हवा, दुपारच्या भोंग्याला ताट वाढलेलं हवं. आमच्या ओळीतल्या सगळ्या बायकांचे कुकर एकाच वेळी शिट्ट्या मारायचे. मी केकही भोंग्यावरच बसवला होता. दुपारचा चहा घेऊन भांडी विसळली की मिश्रण ओव्हनमध्ये, आणि संध्याकाळी कारखाना सुटल्याचा भोंगा झाला की बटण बंद. तोवर केक बरोबर बदामी व्हायचा. तो ताटात उपडा करून जरा निवतोय तोवर फाटकाशी सायकल. आधी भोंगा, मग केक, मग हे. वर्षानुवर्षं त्यात कधी चूक झाली नाही.

फक्त रविवारी मी केक करायची नाही. यांना सुट्टी असायची ना! काचेतून दिसत असूनसुद्धा दर थोड्या वेळाने झाकण उचलून बघायचे. "फुगतोय का बघतो फक्त." झाकण उचललं की केक मधोमध बसलाच समजा. किती वेळा भांडले असेन मी त्यावरून. शेवटी रविवारी केक बंद असा नियमच केला. रिटायर झाल्यावर तर यांचे सगळेच वार रविवार झाले, तेव्हा ओव्हन पोत्यात गुंडाळून माळ्यावर गेला.

क्वार्टर सोडून आम्ही टाऊनशिपला लागूनच, अवधपुरीत घर बांधलं. प्लॉट बघायला गेलो तेव्हा लोक पाणी बघतात, रस्ता बघतात. हे कान लावून उभे! भोंगा ऐकू येतो म्हणाले, आणि तिथेच ठरलं. आता हे नाहीत. गेले त्या वर्षी पावसाळा संपल्यावर मी ओव्हन माळ्यावरून काढला. पुसला, प्लग लावला, कॉइल लाल झाली. यांनी घातलेली शेवटची कॉइल अजून शाबूत होती. मग मी पुन्हा केक करायला लागले, पुन्हा भोंग्यावर, आणि सवयीने रविवार सोडून. कोण खाणार होतं म्हणा. पण दुपारी चहानंतर काहीतरी ओव्हनमध्ये आहे आणि भोंगा व्हायचाय, एवढ्यावर माझी संध्याकाळ निघायची.

लेक बंगळुरूला असते. तिचं एकच टुमणं, "आई, घर विकून टाक आणि माझ्याकडे ये." तिच्याकडे मी राहून आले आहे. घर छान, जावई चांगला. पण स्वयंपाकाला बाई येते आणि मी स्वयंपाकघरात शिरले की ती बाई ओट्यापासून बाजूला होऊन माझ्या जाण्याची वाट बघत उभी राहते. तिथे मी पाहुणी. इथे निदान माझ्या घरात मी कोणाला आडवी येत नाही. म्हणून मी नाही म्हणत राहिले, आणि तीही फार ताणत नव्हती.

मागल्या हिवाळ्यात ती दोन दिवसांची सुट्टी काढून आली. मी पहाटेच हबीबगंजला जाऊन उभी. स्टेशनचं नाव बदललं, पण रिक्षावाल्याला मी अजून हबीबगंजच सांगते. दुसऱ्या दिवशी दुपारी ती साकेत नगरला शाळेतल्या मैत्रिणीकडे गेली. म्हटलं, येईपर्यंत गरम केक करून ठेवू, लहानपणी यायचा तसा वास घराबाहेरच येऊ दे. चहा घेतला, भांडी विसळली, केक ओव्हनमध्ये घातला. मग मटार घेऊन बाहेर पायरीवर बसले, म्हणजे भोंगाही नीट ऐकू येईल आणि लेक येताना दिसेल. काय सांगू, इतक्या वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं. केक आत होता आणि खरंच कोणीतरी घरी येणार होतं.

मटार संपले. ऊन भिंतीवरून उतरलं. भोंगा काही होईना. म्हटलं, वारा उलटा असेल, आत्ता होईल. सर्दीने नाक चोंदलं होतं, वाससुद्धा आला नाही. फाटक वाजलं आणि लेक चपला न काढता आत धावली.

"आई! काय जळतंय?"

स्वयंपाकघरात धूर. झाकणाची काच तडकली होती. आत काळा गोळा. तिने खिडक्या उघडल्या, प्लग ओढला आणि मग माझ्याकडे वळली. "तू बाहेरच होतीस? मग कशाची वाट बघत होतीस?"

"भोंग्याची," मी म्हटलं.

तिने हातातला प्लग ओट्यावर ठेवला. मग अगदी हळू, आजाऱ्याशी बोलतात तशा आवाजात म्हणाली, "आई, आज रविवार आहे. कारखाना बंद."

ती चिडली असती तर मी दुप्पट चिडले असते, ते आम्हाला जमतं. पण ती नुसती भांडं घासत राहिली. मला तिला सांगायचं होतं, अगं, डोकं ठिकाणावर आहे माझं. तू घरात आहेस म्हणून वार विसरले. एरवी सगळे वार सारखे, ते मोजून मोजून पाठ आहेत. पण हे सांगायचं तर बाकीचंही सांगावं लागलं असतं. रात्री ती म्हणाली, "उद्या गॅस चालू ठेवून भोंग्याची वाट बघत बसलीस तर? मी तुला इथे एकटी ठेवू शकत नाही." आणि ते बोलताना तिला रडू आलं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, एक संधी दे. तिने दिली.

आठवड्याने तिने पाठवलेला नवा ओव्हन आला. चौकोनी, काचेच्या दाराचा, आत दिवा, गरमी ठरवायची कळ, वेळ लावायची कळ. वेळ संपली की टिंग होतं आणि आपोआप बंद होतो. खोटं कशाला बोलू, केक उत्तम होतो त्यात. चहूकडून सारखा भाजतो, तळ करपत नाही. गोल ओव्हनमध्ये इतका चांगला कधीच झाला नव्हता. म्हणजे मत बदलायची माझी तयारी असते बरं का, लोक उगीच मला हट्टी म्हणतात. पण भोंगा झाला की माणूस यायचं. टिंग झाल्यावर केक काढायचा, एवढंच.

आता दर रविवारी संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल येतो. म्हणून मी आता रविवारीच केक करते. तिला वाटतं, आईला विरंगुळा. मला ठाऊक आहे, ती परीक्षा घेते, आणि मी ती देते. केक कॅमेऱ्यासमोर धरते, आज वार कुठला तेही बोलता बोलता मुद्दाम सांगते. नंतर शेजारी विचारायला गेले तर "आंटी, इसमें अंडा तो नहीं है?" असतंच. मग एक तुकडा मी खाते, उरलेला कॉलनीच्या वॉचमनला. आतापर्यंत एकदाही नापास झाले नाही. घर माझंच आहे.

फक्त एक शब्द त्या फोनवर काढायची सोय नाही. मला फार एकटं वाटतं गं, एवढं जरी म्हटलं तरी तिकीट येईल.

कालही फोन आला. मी केक धरला, सुई खुपसून कोरडी निघालेली दाखवली. "वा!" म्हणाली, हसली. मग हसू थांबवून स्क्रीनच्या अगदी जवळ आली.

"आणि तू कशी आहेस, आई?"

मी केक जरा वर उचलला, चेहऱ्यापुढे येईल इतका.

"हे बघ," म्हटलं, "मधोमध जरासुद्धा बसला नाही."